टीव्ही मांगं राह्यते

आमच्या दुकानात टीव्ही घ्यायला येणाऱ्या माणसाच्या खिशात सुतळी असायची. हा नियम आमच्या यांनी घातलेला. फोनवर कुणी भाव विचारला की हे आधी सांगायचे, "घरून दोन सुतळ्या मोजून आणा, मग बोलू." एक सुतळी भिंतीवर जिथं टीव्ही लावायचा तिथल्या रुंदीची. दुसरी त्या भिंतीपासून पलंगापर्यंतची. आखूड सुतळीवरून टीव्ही मावेल की नाही ते कळे, लांब सुतळीवरून किती मोठा घ्यावा ते. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात, आणि लोक कपाटातला कोनाडा आडवा मोजून तेवढ्या इंचांचा टीव्ही मागतात. त्यावरून वाद घालण्यापेक्षा सुतळी बरी.

हट्टा गावचे एक काका मात्र रिकाम्या हातानं आले. सुतळी घरून निघाली होती, पण वाटेत बसमध्ये तांदळाच्या पोत्याचं तोंड सुटलं, म्हणून तिथं बांधली. पोतं बसस्टँडवर एका ओळखीच्या माणसाजवळ ठेवलं होतं. "चाला, मोजून घ्या तिथंच," म्हणाले. हे खरंच टेप घेऊन गेले आणि पोत्याच्या तोंडाची सुतळी मोजून आले. काकांना टीव्ही बरोबर बसला.

मी मराठीत एम.ए. झालेली. लग्न होऊन भंडाऱ्याकडून राज्याची हद्द ओलांडून बालाघाटला आले तेव्हा आयुष्य टीव्ही विकण्यात जाईल असं मनात नव्हतं. शाळेत नोकरी मिळेल असं वाटत होतं, पण इथल्या मराठी शाळा मी येईपर्यंत हिंदी होत चालल्या होत्या. मग मी काउंटरमागे बसले. हे वायर, खिळे, भिंती बघत, मी माणसं बघायची आणि माणसं नसली की वाचायची. गिऱ्हाईक आलं की पानाला खूण म्हणून टीव्हीच्या खोक्यातला पुठ्ठ्याचा तुकडा घालायची. घरातल्या कितीतरी पुस्तकांत अजून ते तुकडे आहेत. हे गेल्यावर काही महिने अर्धं शटर उघडून दुकान चालवलं आणि यंदाच्या उन्हाळ्यात बंद केलं. त्यानंतर दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहून मागितलं गेलं. हो म्हणताना वाटलं होतं त्यापेक्षा हे अवघड जातं आहे. रोज थोडं लिहिते आणि उठते.

लोक टीव्ही उजेडात निवडतात, ही पहिली गोष्ट. दुकानात ओळीनं लावलेले टीव्ही मुद्दाम भडक ठेवलेले असतात. दुकानासाठी एक वेगळी रंगयोजनाच असते त्यांत, तिच्यात गवत जास्त हिरवं आणि नटीचे गाल टमाट्यासारखे दिसतात. जो जास्त चमकतो तो चांगला असं माणसाला वाटतं. घरी नेल्यावर संध्याकाळपर्यंत डोळे दुखू लागतात. हे तसं करत नसत. सिनेमा बघायला टीव्ही हवा असं कुणी म्हटलं की शटर अर्धं खाली ओढायचे, ट्यूबलाइट बंद करायचे आणि रात्रीचा एखादा प्रसंग लावायचे. म्हणायचे, उजेड सगळेच दाखवतात, काळा कोण दाखवतो ते बघा. स्वस्त टीव्हीत काळा बहुधा राखाडी असतो. ज्यात काळा खरा काळा दिसतो, त्यात बाजूला बसलेल्याला चित्र फिकं दिसतं. म्हणून हे विचारायचे, घरात किती जण बघता, समोर बसता की भिंतीला टेकून चहूकडे? एकट्या-दुकट्याला एक टीव्ही, भरल्या घराला दुसरा. पैसे तेवढेच.

दुसरी गोष्ट मला एका बाईंनी शिकवली. नवा टीव्ही नेऊन आठ दिवस झाले नाहीत तोच त्या परत आल्या. तक्रार काय तर सिनेमा सिनेमासारखा दिसत नाही. कसा दिसतो विचारलं तर जरा विचार करून म्हणाल्या, "हिरो माह्या दीराच्या लग्नाच्या कॅसेटीतला वाटते." मला हसू आलं, पण हे हसले नाहीत. त्यांना कळलं. सिनेमात चित्रं मोजकी असतात, एकामागून एक येतात. टीव्ही हुशारी करतो आणि दोन चित्रांच्या मधे आपल्या मनानं आणखी चित्रं घालतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. त्यामुळे मोठा सिनेमाही मंडपात शूट केलेल्या लग्नासारखा दिसू लागतो. ही हुशारी बंद करता येते. बटण असतं, फक्त ते मेनूच्या तळाशी लपलेलं असतं आणि कुणी सांगत नाही.

आणि तिसरी गोष्ट हिच्यातूनच निघते. टीव्ही दोन चित्रांमधली चित्रं रचतो म्हणजे तो क्षणभर विचार करतो. सिनेमा बघताना तो क्षण कुणाला कळत नाही. पण गेम खेळणाऱ्याला कळतो. त्यानं बटण दाबलं आणि पडद्यावरची गाडी वळली यांच्या मधे तो क्षण येऊन बसतो. त्यासाठी टीव्हीत गेम मोड असतो. तो लावला की टीव्ही विचार करणं सोडतो आणि आलेलं चित्र तसंच पुढे ढकलतो. कमी पैशात दोन्ही हवं असेल, सिनेमा आणि गेम, तर खोक्यावरचे मोठमोठे आकडे वाचू नयेत. एवढंच बघावं की ही हुशारी बंद होते का, आणि गेमच्या वायरीला एक आणि सिनेमाला दुसरी अशी वेगवेगळी सेटिंगं टीव्ही लक्षात ठेवतो का. एवढं जमलं तर घरात भांडण होत नाही.

उकव्याचे मेश्रामभाऊ आणि त्यांच्या बायको, दोघांना मी असंच समजावलं होतं. मेश्रामभाऊ मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवायचे. ज्याचं चाक उभ्या माणसापेक्षा उंच असतं तो डंपर. खोल खड्ड्यात गोल गोल उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या नोकरीची सारी वर्षं गेली. निवृत्तीनंतर उकव्याला घर बांधलं, एक जुनी गाडी घेतली. दुकानासमोर ते गाडी लावत आणि आत यायच्या आधी दोनदा हॉर्न वाजवत. हे आतून ओळखायचे, "आला डंपर."

त्या दिवशी मेश्रामभाऊंनी स्पष्ट सांगितलं की टीव्ही त्यांना स्वतःला गेम खेळायला हवा आहे. मला वाटलं नातवासाठी असेल. नातू अजून नव्हता.

"पोट्टा पुण्याले राह्यते," ते म्हणाले. "त्यानं ते खेळाचं मशीन पाठवलं. इतवारी तो तिकडून, मी इकडून, गाड्यायची रेस लावतो. बोलणं तेवढं होत नाही आमचं. रेस होते."

त्यांच्या बायको म्हणाल्या की त्यांना घर्रघर्र नको, दुपारी शांतपणे सिनेमा बघायचा आहे. यांनी शटर खाली ओढलं, काळा दाखवला, त्यांच्या दोन्ही सुतळ्या मोजल्या. टीव्ही ठरला. मग हे काउंटरला टेकून गप्पा मारत उभे राहिले. यांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता, तंबाखू मळावी तसा. मेश्रामभाऊंनी हात पुढे केला.

"शेठ, एकटेच मळून राह्यले. इकडंही द्या चिमूटभर."

यांनी मूठ उघडून दाखवली. रिकामी. तंबाखू सोडून यांना कितीतरी वर्षं झाली होती, मुलीच्या लग्नाच्याही आधी. "सोडली कवाचीच," हे म्हणाले. "हात विसरला नाही." सगळे हसले, मीसुद्धा. त्या दिवसांत हा विनोद दुकानात रोज व्हायचा. शेजारचा घड्याळवाला, दूधवाला, बँकेतले साहेब, सगळे चिमूट मागून जायचे.

त्याच दिवसांत घरच्या रिमोटचे सेल फार लवकर जाऊ लागले. हे बटण दाबायचे, चॅनेल बदलायचं नाही, नाहीतर एकदम दोनदा बदलायचं. हे म्हणायचे, सेल गेले. मी नवे घालायची. जुने फेकवत नसत, काउंटरच्या खणात टाकून द्यायची. खण भरत आला तेव्हा यांनी सेलवाल्या कंपनीला शिव्या घातल्या, मी एजंटला बोलले. त्यानं बिचाऱ्यानं एक पेटी बदलूनही दिली.

उकव्याचा टीव्ही यांनी स्वतः जाऊन बसवला. ते यांचं शेवटचं फिटिंग. संध्याकाळी परत आले तेव्हा थकले होते, जेवले नाहीत. म्हणाले, भिंत कडक होती.

पुढचं थोडक्यात लिहिते. चालताना पाय घासू लागला तेव्हा आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी यांना काही विचारलंच नाही, नुसतं समोर बसवलं आणि मांडीवरच्या हाताकडे बघत राहिले. मग विचारलं, हे किती दिवसांपासून? मी म्हटलं, ती जुनी सवय आहे, तंबाखूची. डॉक्टर म्हणाले, कंपवात असाच सुरू होतो कधी कधी. कंपवातानं माणूस लगेच जात नाही. पण हे न्हाणीत पडले, कंबरेचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळले आणि छातीत पाणी झालं. घरातल्या टीव्हीवर नातेवाइकांनी चादर टाकली, तेरवीपर्यंत टाकतात तशी. तेरवी झाली, नातेवाईक गेले. चादर मी काढली नाही.

दुकान उघडलं तेव्हा आधी खण आवरायला घेतला. त्यातला एक बारीक सेल सहज काउंटरवरच्या गजराच्या घड्याळात घातला. काटा चालू लागला. दुसरा घातला, तोही चांगला. मी एकेक करून बरेच घालून बघितले आणि मग थांबले. त्यातलाच एक घड्याळात राहू दिला.

मेश्रामभाऊंचा फोन आला तो त्यानंतर. आधी यांच्याबद्दल बोलले, उशिरा कळलं म्हणाले. मग म्हणाले, "वयनी, टीव्ही मांगं राह्यते."

आमच्याकडे घड्याळ मांगं राहतं, शेतातला भाऊ मांगं राहतो, वर्गातलं पोर मांगं राहतं. टीव्ही मांगं राहतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मला वाटलं आवाज आणि चित्र जुळत नसेल, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो तसं. नाही म्हणाले. आवाज बरोबर आहे. हात पुढे जातो आणि टीव्ही मांगं राहतो. वळण येतं, ते बटण दाबतात, गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळते, मग वळते.

मी म्हटलं, सेटिंग असेल, फोनवर सांगते. पण ते थांबले नाहीत, आणि मग खरं काय ते बाहेर आलं. मुलाचं म्हणणं होतं की टीव्ही ठीक आहे, बाबांचे हात मंद झाले आहेत. रेसमध्ये बाबा सारखे आदळतात हे तो पुण्यात बसून बघत होता. आता तो म्हणत होता की घाटात गाडी चालवणं बंद करा. उकवा ते बालाघाट मधे घाट आहे, दाट जंगल आहे, वळणावर ट्रक समोर येतात. आणि उकव्यात कुणाला रात्री-बेरात्री दुखलं-खुपलं, कुणाची बाळंतपणाची वेळ आली, तर लोक मेश्रामभाऊंचं दार वाजवत. गाडी गेली तर त्यांचं काय उरतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

"तुमी येऊन पाहा," ते म्हणाले. "अना जे असन ते पोट्ट्याले सांगा. टीव्ही मांगं असन तं टीव्ही. मी असन तं मी."

फिटिंगला दुसरा माणूस पाठवता आला असता. पण तो टीव्ही यांनी लावलेला होता. मी येते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी समोर दोनदा हॉर्न वाजला. मी पटकन आत वळून बघितलं, कुणी काही म्हणेल असं वाटलं. मग कुलूप लावून निघाले. त्यांच्या बायको मागे बसल्या होत्या, दवाखान्यात कुणाला तरी डबा द्यायला आल्या होत्या. मी पुढे बसले. मेश्रामभाऊ मला दाखवण्यासाठीच गाडी चालवत होते हे कळत होतं. आणि चांगली चालवत होते. घाटात प्रत्येक वळणाला हॉर्न, प्रत्येक वळणाला आपली बाजू. सरळ रस्त्यावर त्यांचा एकच हात चाकावर असायचा, डावा मांडीवर. त्या हाताकडे मी बघितलं असणार. बघून खिडकीबाहेर बघू लागले असणार. सागाची पानं गळत होती.

टीव्ही भिंतीवर एका बाजूला किंचित खाली होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. आमच्याकडे पातळी बघायची एक बुडबुड्याची नळी होती, हे ती लावल्याशिवाय कधी स्क्रू आवळत नसत. मी मेनू उघडला. गेमच्या वायरीला गेम मोड लावलेला नव्हता. तो लावल्याशिवाय हे कधी निघत नसत. मी ते बटण लगेच दाबलं नाही, कारण मला मुलाला दाखवायचं होतं.

त्याची एक सोपी रीत आहे. मोबाइलमध्ये हळू चालणारं चित्रण करता येतं, धावणारा घोडा पाण्यात चालल्यासारखा दिसतो तसं. खेळणाऱ्याचे हात आणि मागचा पडदा दोन्ही एका चौकटीत घ्यायचे. मग सावकाश बघायचं, अंगठा बटणावर कधी टेकला आणि पडद्यावर गाडी कधी वळली. यात खेळणाऱ्याचा हात चपळ आहे की मंद याचा संबंध येत नाही. बटण दाबल्यानंतरचा सगळा उशीर टीव्हीचा. हेही यांनीच शिकवलेलं.

मेश्रामभाऊ पलंगाच्या काठावर बसले, खेळाचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून. मी चित्रण केलं. मग गेम मोड लावला आणि परत केलं. त्यांनी एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि मान वर न करता म्हणाले, "आता आला बरोबर."

तिघांनी मोबाइलवर बघितलं. पहिल्या चित्रणात अंगठा दबून, उठून, मग गाडी वळत होती. दुसऱ्यात अंगठ्याबरोबर वळत होती. शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला आणि मोठ्यानं बोलायचं बटण दाबलं.

"टीव्हीच मांगं होता, निखिल. मी नाही. वयनीनं पकडलं."

निखिलला मराठी कळतं, बोलतो हिंदीत. "पक्का ना, पापा?" मग म्हणाला, "आंटी, आप बताइए. सच में टीवी का था?"

मी तेव्हा दुसरं चित्रण परत चालवत होते, नुसतंच, हात रिकामा होता म्हणून. त्यात शर्यत सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन क्षण होते. पडद्यावर आकडे उलटे मोजले जात होते. मेश्रामभाऊंचा उजवा हात तयार होता. डाव्याला अजून काम नव्हतं, तो कंट्रोलरवर नुसता टेकला होता. आणि त्याचा अंगठा तर्जनीवर फिरत होता. सावकाश, सारखा, तंबाखू मळावी तसा.

गाडीत मी तोच हात बघितला होता. त्या वेगात ती सवय दिसत होती. हळू झाल्यावर दुसरं काही दिसलं.

"टीवी का था, बेटा," मी म्हटलं. तेवढं खरं होतं. "बाकी मैं पापा से बात करती हूँ."

फोन ठेवल्यावर मेश्रामभाऊ चहा ठेवायला सांगू लागले. मी म्हटलं, भाऊ, हे एकदा बघा. आणि तो भाग त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बघितलं आणि हसले.

"सोडली नं तंबाखू, रिटायर झाल्यावर. अंगठ्याले कोण सांगन?"

त्यांच्या बायकोही हसल्या. "टीव्ही पाह्यतानी मळते, जेवाच्या आधी मळते," त्या म्हणाल्या. "झोपले की तेवढा थांबते."

नागपूरच्या डॉक्टरांनी मला हेच विचारलं होतं, झोपेत थांबतो का. मी तेव्हा उत्साहानं सांगितलं होतं, हो, झोपेत अगदी थांबतो, जणू ती चांगली बातमी होती.

"भाऊ," मी म्हटलं, "दुकानात तुम्ही आमच्या यांच्याकडे चिमूटभर मागितली होती. आठवते?"

"हौ."

"ती तंबाखू नव्हती."

खोलीत पडद्यावरची गाडी नुसती उभी होती आणि इंजिनाचा आवाज येत होता. त्यांच्या बायकोनं उठून तो आवाज कमी केला. मेश्रामभाऊंनी डावा हात उजव्या हातात धरला. धरला तरी अंगठा आत हलत असावा, कारण त्यांनी तो जरा घट्ट दाबला.

"तुमी टीव्हीवाल्या आहा का डॉक्टर?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

"टीव्हीवालीच. म्हणून टीव्हीचं आधी केलं."

मी जे माहीत होतं ते सांगितलं. असेल, नसेलही. मला सांगता येत नाही, डॉक्टरला येतं. लवकर कळलं तर औषधावर माणूस बरीच वर्षं चांगला राहतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमचे किती दिवस सेल बदलण्यात गेले तेही सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. त्यांच्या बायको ऐकत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, वास येत नाही असं होतं का त्यात? भाऊंना भाजीचा वास येत नाही आताशा, म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरला हेही सांगा.

चहा झाला. त्याची चव मला आठवत नाही. मेश्रामभाऊ उठले आणि खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली. "चाला, सोडून देतो."

मी म्हटलं, "नको. मी बसनं जाते."

मला अपमान करायचा नव्हता. पण तो झाला. त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग ती परत खिळ्याला लावली आणि माझ्याबरोबर पायी स्टँडपर्यंत आले. वाटेत एक-दोघांनी हाक मारली, भाऊ, आज पायी? त्यांनी हात वर केला, थांबले नाहीत. बैहरकडून बस आली. मी चढल्यावर त्यांनी खालून कंडक्टरला सांगितलं की वयनीले बालाघाटले दुकानासमोर उतरून देजा. माझ्याशी ते बोलले नाहीत.

बसमध्ये खिडकीशी बसले आणि घाट उतरला. मी बरोबर केलं की चूक, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. एका माणसाला त्याचा टीव्ही दुरुस्त करून मिळाला होता आणि त्याच दुपारी दुसरं काहीतरी त्याच्या हातातून काढून घेतलं गेलं होतं. यांनी काय केलं असतं? हे कदाचित टीव्ही सरळ करून, चहा पिऊन निघून आले असते. कदाचित नाही. आम्ही चाळीसएक वर्षं एका काउंटरवर बसलो आणि हे मला माहीत नाही.

नंतर त्यांच्याकडून काही कळलं नाही. होळी झाली. दुकानातला माल मी कमी करत आणला होता, दोन-तीन टीव्ही उरले होते. एका दुपारी मी काउंटरवर वाचत बसले होते आणि समोर कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मान वर केली तर मेश्रामभाऊ. कधी आले ते कळलंच नव्हतं.

स्टुलावर बसले. उरलेले टीव्ही बघून म्हणाले, दुकान गेलं म्हणा. मी हो म्हटलं. मग आपणहून सांगू लागले. नागपूरला गेले होते. तुम्ही म्हटलं तेच निघालं. लवकर आले असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत, वेळेवर घ्याव्या लागतात, घरात बायकोनं आठवण राहावी म्हणून घड्याळाला दोरा बांधून ठेवला आहे. बोलताना डावा हात मांडीवर होता. मी तिकडे बघितलं नाही, आणि मी बघत नाही हे त्यांना दिसलं.

"अना रेस?" मी विचारलं.

"चालू आहे. दर इतवारी." थोडं हसले. "पोट्टा आता हळू चालवते. मले कळते. डंपर चालवला म्या, समोरची गाडी कवा मुद्दाम हळू होते ते मले कळन नाही का? मी काही बोलत नाही. जिंकतो."

बाहेर उन्हात रस्ता रिकामा होता. नेहमी जिथं त्यांची गाडी उभी राहायची तिथं एक कुत्रं सावली शोधत होतं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आज हॉर्न वाजला नव्हता.

त्यांची नजर काउंटरवरच्या गजराच्या घड्याळाकडे गेली.

"वयनी, हे बरोबर हाय नं?" ते उठता उठता म्हणाले. "मांगं तं नाही? उकव्याची बस जाईन माही."

"मांगं नाही," मी म्हटलं. "पण निघा तुम्ही."